भुताची भाकर

माय, तुझा चेहरा काही दिवस माझ्याकडे होता. आता तो गेला. कुठे गेला ते तुलाच माहीत असेल म्हणून लिहायला बसले आहे. डेपोतली विश्रांतीची खोली आहे, पंखा कुरकुरतो आहे, पुढची फेरी लागायला वेळ आहे आणि शेजारच्या बाकावर आमचे ड्रायव्हरभाऊ तोंडावर रुमाल टाकून झोपले आहेत. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. आपल्यात मेलेल्याला पान वाढत नाहीत, कावळ्याची वाट पाहत नाहीत, गेलेलं माणूस परत येतं असं मानत नाहीत. बाबांनी हे मला इतकं घोटून शिकवलं होतं की अंधाराची भीती वाटली तरी मी ती कुणाला सांगत नसे. तेव्हा मीही हे काही मानत नाही. पण जे झालं ते झालं, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर डेपोतले लोक मला सक्तीच्या रजेवर पाठवतील.

मी एसटीत कंडक्टर आहे, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. खाकी कपडे, खांद्याला कातडी बॅग, हातात तिकिटाचं मशीन. हिंगणघाट ते समुद्रपूर आणि पुढची खेडी, हा माझा रस्ता. तू असतीस तर पहिल्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून आली असतीस आणि सगळ्यांना सांगितलं असतंस की ही माझी पोरगी, हिच्याशी नीट बोला. तुला लोकांशी बोलायची फार हौस. तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. घरात तुझा एकच फोटो, लग्नातला, गाल भरलेले, डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले. शेवटच्या वर्षातला तुझा चेहरा कुठे उतरलेला नव्हता. तो माझ्या डोक्यात होता, आणि तिथूनही पुसट होत चालला होता.

तू ज्या वयात गेलीस ते वय मी ओलांडलं आणि मग माझं पोट बिघडलं. आधी मी मनावर घेतलं नाही. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं, डोकं विंचरलं की फणीत केसांचा पुंजका यायचा. धावत्या बसमध्ये उभं राहून काम करणाऱ्या बाईचं पोट बिघडणं म्हणजे काय, ते लिहायला नको. कुठल्या फाट्यावर कुणाच्या घरचा संडास बरा आहे आणि कुठली बाई न विचारता पाण्याचा डबा हातात देते, याची माझ्याइतकी माहिती या जिल्ह्यात कुणाला नसेल. मी वाळत चालले. डेपोत सगळे चिडवायचे. ड्रायव्हरभाऊ म्हणायचे, ‘ताई, सडक खराब नाई, तुमची हाडं वाजून राह्यली.’ मीही हसायचे. एका दुपारी रिकामी बस घेऊन परत येताना त्यांनी रस्त्यात काही आडवं नसताना कचकन ब्रेक मारला. मी दांडीला धरून कशीबशी उभी राहिले. त्यांनी आरशात पाहिलं, मग मान वळवून पाहिलं, आणि हळूच विचारलं, ‘तुमच्या मांगं कोन उभी होती?’ मागे कुणी नव्हतं. सगळी बाकं रिकामी होती. ‘आरशात दोघी दिसल्या,’ ते म्हणाले, आणि गिअर टाकला.

घरी येऊन मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले, आणि मला तू दिसलीस. आठवली असं म्हणत नाही, दिसलीस. गालांची तीच खोबण, कानामागे ताणलेली तीच कातडी, वरच्या ओठाच्या कोपऱ्यात तोच पांढुरका चिरा. मी पोटावर तळहात दाबून उभी होते, आणि तसा हात तू दाबायचीस. मी तो काढून घेतला तर थोड्या वेळानं तो आपोआप परत तिथे गेला. मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी आनंद झाला. किती वर्षांनी तुला पाहत होते मी.

त्यानंतरच्या थंडीत ती म्हातारी चढली. समुद्रपूरच्या अलीकडे एक फाटा आहे, एक कडुलिंब आणि पत्रा उडालेला निवारा, बाकी काही नाही. दोन्ही हातांनी दांडी धरून ती वर आली आणि पुढच्या बाकावर बसली. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना आता प्रवास फुकट असतो, पण शून्याचं तिकीट द्यावं लागतं. मी ते काढून तिच्यापुढे धरलं. तिनं मोतीबिंदू पिकलेले डोळे वर केले, माझ्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

‘तुह्या हातचं टिकट मी नाई घेत.’

‘काऊन वो आजी? फुकट आहे. पैसे नाई मांगून राह्यली मी.’

‘तू त गेलती ना.’

‘कुठं गेलती?’

‘मेलती,’ ती म्हणाली. अगदी साधेपणानं, जसं माहेरी गेलती म्हणावं. मागची कॉलेजची पोरं फिसकन हसली. तिनं माझं मनगट धरलं, अंगठा आणि बोट त्याच्याभोवती सहज जुळली, वर जागाही उरली. ‘मनगट बी तेच,’ ती म्हणाली. ‘चुन्याच्या भट्टीमांगच्या गल्लीत, तुह्या समोरच्या घरात मी राहत होती. इसरली?’

मग मला तिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसलं आणि मी तिला ओळखलं. ती समोरची मावशी होती. तुझी मावशी, माझीही मावशी, आपल्या सगळ्या गल्लीची मावशी. मिल बंद पडल्यावर ती नवऱ्याबरोबर त्याच्या गावी गेली होती आणि मी तिला केव्हाच मेलेली धरलं होतं. गंमत बघ, ती मला मेलेली म्हणत होती आणि मी तिला. तिनं फडक्यातून एक पोळी काढली, तूप-गूळ लावून घडी घातलेली, आणि माझ्या बॅगेवर ठेवली. ‘खाय. माह्यासमोर खाय.’ मी तिला सांगायला हवं होतं की मावशी, मी तिची मुलगी. सांगितलंही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, ‘मुलगी लहान आहे तुही. शाळेत गेली असन.’ मी पोळी खाल्ली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अख्खी बस बघत होती, दुसरं काय करणार?

तुला ती गल्ली आठवत असेल. मला ती वासानं आठवते. आधी आपण खेड्यात होतो, शेतातली ज्वारी, सकाळ-संध्याकाळ भाकर, पोळी फक्त सणाला नाहीतर पाहुणा आला तर. मग बाबांना हिंगणघाटच्या कापडाच्या मिलमध्ये काम लागलं आणि आपण शहरातले झालो. रेशनवर गहू मिळायला लागला. बाबा पहिल्या दिवशी पोत्याला हात लावून म्हणाले होते, ‘आता आपल्या घरी रोज पोळी.’ काय तो चेहरा होता त्यांचा! ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या दारातली शिळी भाकर खाल्ली, त्यांच्या घरात रोज गव्हाची पोळी. तू लाटायचीस, मी तव्याशी बसून फुगताना बघायची. आणि तू वाळायला लागलीस. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाच्या बाटल्या दिल्या. गल्लीतल्या कुणी म्हणालं बाहेरचं आहे, भगताला दाखवा. बाबांनी त्या माणसाला दारातून परत पाठवलं. मग सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं, अशक्तपणा आहे, भाकर जड पडते, बिमार माणसाला पोळीच पाहिजे.

आणि त्यांनी पाळी लावली. मावशीनं लावली. रोज एका घरून तुझ्यासाठी गरम पोळी यायची, चांगल्या गव्हाची, निवडून दळलेली. स्वतःच्या लेकरांना भाकर देऊन त्या बायका तुला पोळी आणून द्यायच्या. त्याशिवाय अंगात ताकद यावी म्हणून गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजत घालायचा, वाटायचा, पिळून त्याचं सत्त्व काढायचं, आणि ते शिजवून तूप घालून वाटीतून पाजायचं. आपल्या खोलीत कायम त्या भिजल्या गव्हाचा आंबूस वास असायचा. तू नको म्हणालीस तर मावशी तुझं डोकं मांडीवर घ्यायची आणि चमच्या-चमच्यानं भरवायची. तू सगळं घ्यायचीस. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं?

तर मावशी मला परत भेटायला लागली. माझी फेरी कधी असते ते तिनं कुणाकडून तरी काढून घेतलं होतं. फाटा आला की ती कडुलिंबाखाली उभीच असायची. कधी पुढच्या गावापर्यंत बसून यायची, कधी नुसती खालून फडकं वर करायची. तिकीट तिनं एकदाही घेतलं नाही. शून्याचं तिकीट मी बाकावर ठेवून द्यायचे, उतरताना ती ते तिथेच ठेवून जायची. भाऊंनी तपासनीसाला ती गोष्ट सांगितली तेव्हा तोही म्हणे हसला नाही. आणि दर वेळी ती माझ्याशी तुझ्यासारखी बोलायची. गल्लीतल्या बायका, मेलेल्या आणि जिवंत, सगळ्या तिच्या बोलण्यात एकाच ओट्यावर बसलेल्या असायच्या.

एकदा ती म्हणाली, ‘तू रोज येत होती ना, दिवेलागणीले. माह्या दारात उभी राहून हात पसरत होती. आता बसवर असते, तवापासून दारात येत नाई.’ बाहेर ऊन टळटळीत होतं, बसमध्ये दाटीवाटीनं माणसं भरलेली होती, आणि माझ्या नाकात एकाएकी भिजल्या गव्हाचा आंबूस वास शिरला. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या पिशवीत काही आंबलेलं असेल, असं मनाला सांगितलं. तसंच असेल. ‘हात काऊन पसरत होती मी?’ मी विचारलं. माझ्या तोंडून ‘मी’ निघून गेलं आणि मग ते परत घेता आलं नाही.

तिनं सांगितलं. शेवटच्या दिवशी पाळी तिची होती. घरातला गहू संपला होता, नवऱ्याचा पगार झाला नव्हता, उसना मागायची लाज वाटली. तिनं ज्वारीची भाकर केली, जवसाची चटणी केली आणि तुला दिली. ‘बिमार माणसाले म्या भाकर देल्ली. तू काई बोलली नाई, खाऊन घेतली. दुसऱ्या दिवशी तू गेली.’ इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती. तिचं म्हणणं असं की त्या भाकरीनं तू गेलीस, आणि पोळी मागायला तिच्या दारात येतेस. म्हणून आता ती मला पोळी देत होती. मी खात होते. आणि महिन्या-महिन्याला अधिकाधिक तुझ्यासारखी होत होते.

मला तो दिवस आठवतो, माय. मी दारात पाटी घेऊन बसले होते. तू भिंतीला टेकून उठून बसली होतीस, कितीतरी दिवसांनी. भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवून चावून चावून खात होतीस, आणि मला म्हणालीस, ‘आज पोटात थंड वाटते वो.’ मला एक तुकडाही दिलास.

मी बसमध्येच चक्कर येऊन पडले तेव्हा भाऊंनी गाडी सरळ दवाखान्यात घातली. तिथून मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घातली, आतड्याचा कण काढून पाहिला. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, फार नीट बोलायच्या. म्हणाल्या, ‘याला सिलियाक म्हणतात. गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही. गहू बंद करायचा, जन्मभर. पोळी, रवा, मैदा, शेवया, सगळं. ज्वारी, तांदूळ, डाळी, बाजरी, काही हरकत नाही.’ मला हसू आलं. गव्हाचे रोडगे सोडून विदर्भात कुणी जगतं का? मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’ मी म्हटलं, आईला असेल. ‘त्या काय खायच्या?’ मी म्हटलं, ‘अख्ख्या गल्लीची पोळी.’ त्यांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. मी मात्र त्या खुर्चीत बसून तुला पाहत होते. मावशीच्या मांडीवर तुझं डोकं, ओठांशी आलेला चमचा, आणि तुझं तोंड उघडतंय.

तुला कुणी मारलं नाही, माय. हे मी आधी लिहून टाकते. त्या बायकांना काय कळणार होतं, डॉक्टरांनाही कळलं नाही. पण माझ्या अंगात असा राग उठला की कुणावर काढावा ते समजेना. गरिबीत तू जगली असतीस! गहू परवडला नसता तर तू माझं लग्न पाहिलं असतंस, माझी खाकी साडी इस्त्री करून दिली असतीस. आपल्याला चांगले दिवस आले आणि त्यांनीच तुला नेलं. मी घरी येऊन पोळपाटावर हात आपटून रडले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बाजारातून माझ्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी परात आणली, आणि पिठाचे जुने डबे अंगणात नेऊन राखेनं घासत बसला. गडी माणूस डबे घासतोय म्हणून शेजारी हसले, तर म्हणाला, ‘बायको वजनात घेतली होती, अर्धी राह्यली. राह्यलेली वाचवून राह्यलो.’

पण माझ्यापुढे प्रश्न मावशीचा होता. रजा संपली की फाटा येणार आणि कडुलिंबाखाली फडकं वर होणार. पोळी घ्यायची नाही, हे तर झालंच. पण काय सांगून? खरं सांगितलं तर भाकरीचं ओझं तिच्यावरून उतरेल, की मावशी, त्या भाकरीनं ती गेली नाही, उलट त्याच दिवशी तिला बरं वाटलं. आणि मग ती विचारेल, मग गेली कशानं? तिथे माझी जीभ अडत होती. एका भाकरीचा बोल लावून घेऊन जी बाई इतकी वर्षं दिवेलागणीला दाराकडे बघायला घाबरली, तिच्या पदरात त्या सगळ्या पोळ्या कशा घालू? पाळी तिनंच लावलेली. चमचाही तिच्याच हातातला. आणि न सांगावं तर ती तुला भाकर दिली म्हणून कुढतच मरणार. पंच्याहत्तरी केव्हाच मागे पडलेली बाई. मी रजेतले दिवस याच विचारात काढले. आमचा मोबाइलवर एक गट आहे, वर्धा-नागपूरकडची गहू न सोसणारी माणसं. हिंगात मैदा असतो हे त्यांनी मला सांगितलं, लग्नात काय खावं ते सांगितलं, रात्री-अपरात्री पोट दुखलं तर धीर दिला. पण हे त्यांनाही विचारता येण्यासारखं नव्हतं.

फाटा आला. ती वर चढली, बसली, फडकं उघडलं. तुपाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, तेही सांगते. मी तिच्या शेजारी बसले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘मले पोळी नको. त्या दिवशी तू भाकर देल्ली होती ना, तशी आण.’

तिचा हात थांबला.

‘त्या भाकरीनं माह्या पोटात थंड वाटलं. तेवढ्याच दिवशी वाटलं. मी तुह्या दारात भाकर मांगाले येत होती. तू पोळी समजली.’

हा आवाज मी काढलेला नव्हता, माय. मला नक्कल करता येत नाही, डेपोच्या गॅदरिंगमध्ये मी नुसती टाळ्या वाजवते. तो बारीक, शेवटी खाली उतरणारा आवाज मी तीस-पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो माझ्या गळ्यातून येत होता. भाऊंनी आरशात पाहिलं आणि झटकन नजर रस्त्यावर नेली. मावशीनं पोळीची घडी परत फडक्यात बांधली. गाठ मारत म्हणाली, ‘भाकर गोड लागली होती तुले?’ मी म्हटलं, ‘हो.’ मग ती पदरात तोंड घालून रडली, आणि मधेच डोळे पुसून, एकदम संसारी बाईच्या हिशेबी आवाजात तिनं विचारलं, ‘जवसाचीच चटणी पाहिजे का तिळाची चालते?’

मी तिला नीट समजावलं. गव्हाचा हात लागलेला चालणार नाही, परात वेगळी पाहिजे, चक्कीवरचं पीठ नको कारण तिथे आधी गहू दळलेला असतो. ती विचार करून म्हणाली, ‘भुतांले गहू चालत नाई का?’ मी म्हटलं, ‘बाकीच्यांचं माहीत नाई. मले नाई चालत.’ तिनं गावात जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. तिच्या नातसुनेनं मला फोन केला, हसतही होती आणि घाबरलेलीही. मी तिला सगळं सांगितलं, फक्त पोळ्यांचं म्हाताऱ्या माणसाला कळू देऊ नको म्हटलं. तिनं अडगळीतलं जातं बाहेर काढलं, पाथरवटाकडून टाकी लावून घेतलं, आणि त्यावर फक्त ज्वारी दळायची असं ठरलं. पहिले काही दिवस भाकर मावशीच्या हातची यायची. मग तिला उन्हाचं उभं राहवेना, तेव्हा तिनं पाळी लावली. तीच जुनी खोड. फाट्यावर रोज वेगळी बाई उभी राहायला लागली, कधी सासू, कधी शेतावर निघालेली मजूर बाई, आपल्यातल्याही आणि कुणब्यांच्याही. खिडकीतून गरम फडकं आत यायचं. ‘ताई, ही घ्या भुताची भाकर,’ असं म्हणून सगळ्या फिदीफिदी हसायच्या. म्हातारीसाठी भूत आणि माझ्यासाठी बिमारी, दोन्ही त्यांनी एकाच फडक्यात बांधलं होतं. भाऊ वेळापत्रकावर बोट ठेवणारा माणूस, पण तिथे गाडी जरा जास्तच थांबायची. तसं थांबायला त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

आणि मी भरत गेले. आधी तोंडातले फोड गेले. मग बांगड्या मागेपुढे सरकेनाशा झाल्या. केस परत आले, आखूड आणि हट्टी. एक दिवस जिना चढून वर आले आणि धाप लागली नाही, तर मी उगाच खाली उतरून परत वर गेले. सगळे म्हणायचे ताई, छान दिसता. मी आरशात बघायचे आणि दर आठवड्याला तू थोडी कमी असायचीस. आधी गालाची खोबण भरली, मग कानामागची कातडी सैल झाली. ओठाच्या कोपऱ्यातला चिरा सगळ्यात शेवटी गेला. तो बुजला त्या दिवशी मी कामावर जाताना टिकली लावायची म्हणून आरशात पाहिलं आणि तिथे कुणीतरी बऱ्यापैकी धडधाकट बाई उभी होती. मला तिचा राग आला.

काल मावशी परत फाट्यावर आली. बऱ्याच दिवसांनी, नातसुनेच्या खांद्याला धरून. एकटीच वर चढली, पुढच्या बाकावर बसली. मी शून्याचं तिकीट काढून धरलं. तिनं ते घेतलं. दोन बोटांत धरलं, नीट घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं.

‘वो बाई,’ ती मला म्हणाली, ‘इथं एक कंडक्टर होती. बारीक अंगाची.’

‘हो, मावशी.’

‘दिसून नाई राह्यली. दारात बी येत नाई आता. कुठं गेली?’

बस सुरू झाली होती. खिडकीबाहेर कापसाची शेतं, वेचणीला वाकलेल्या बायका, दुपारचं नेहमीचं ऊन. आवाज माझाच होता, रोज तिकीट विचारणारा, जाडाभरडा. मी म्हटलं, ‘ती बरी झाली, मावशी.’

तिनं ते ऐकलं. पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं, कारण ओठ हलले. मग तिचा चेहरा असा मोकळा झाला की मी तिकडे बघू शकले नाही. ‘बरी झाली,’ ती म्हणाली. ‘झालीच पाहिजे होती.’ उतरताना तिनं फडकं माझ्या हातात दिलं. ‘भेटली त तिले देजो.’ मी म्हटलं, देईन.

हे तुला पाठवायची सोय आपल्या धर्मात नाही आणि एसटीतही नाही. इथून खोके जातात, कोंबड्या जातात, लग्नाच्या पत्रिका जातात, तुझ्यापर्यंत काही जात नाही. भाऊ जागे झाले आहेत, घड्याळाकडे बघत चप्पल शोधत आहेत. तेव्हा एवढंच. तुझ्या नावानं आलेली ती भाकर मी डेपोत येऊन उघडली. गरम होती, जवसाची चटणी होती, कांदाही होता. तुझ्यासाठी म्हणून एक तुकडा बाजूला काढावा असं मनात आलं होतं. नाही काढला, माय. सगळी मीच खाल्ली. मला फार भूक लागली होती.